का विकताय?

भावजी हे खरं तर एकाच बाईचे भावजी. बायकोची धाकटी बहीण त्यांना लग्नापासून त्या नावाने हाक मारायची, आणि तो तिचा हक्कच होता. पण पुढे त्यांच्यामुळे चारचौघांना टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर रास्त भावात मिळायला लागले, तेव्हा इमारतीतल्या कुणीतरी म्हटलं की भाव यांच्याइतका कुणालाच कळत नाही, हेच खरे भाव-जी. झालं. तेव्हापासून अख्खी इमारत त्यांना भावजी म्हणू लागली. वरच्या मजल्यावरचे आजोबासुद्धा, ज्यांच्या मांडीवर भावजी लहानपणी शोभले असते.

नोकरी त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या भांडारात केली. पाइप, नळ, मीटर आणि रबरी वायसरांच्या राशीत बसून त्यांना एक गोष्ट पक्की समजली होती, की वस्तूला स्वतःची अशी किंमत नसते. किंमत असते ती घेणाऱ्याच्या घाईला. हे एकदा कळल्यावर त्यांनी आयुष्यात कशाचीही घाई केली नाही, आणि दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

कुणाकडे काही घ्यायचं निघालं की माणूस आधी भावजींच्या दारात. ते चष्मा पुसत बसायचे आणि सगळं ऐकून घ्यायचे. मग सुरू व्हायचं. जुनं बंद पडलं त्याच दिवशी नवीन घ्यायला जायचं नाही. दूध नासतंय, घरात बोलणी बसतायत, अशा अवस्थेत दुकानात शिरलेला माणूस सेल्समनला दारातूनच ओळखू येतो. दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, थोडी कळ काढा, मग चला. तेही सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी नाही. मधल्या वारी, भर दुपारी, दुकानातली पोरं माशा मारत बसलेली असताना. काट मारलेल्या किमतीकडे तर बघायचंच नाही, कारण ती काट मारण्यासाठीच छापलेली असते. नवीन मॉडेल आलं की गेल्या वर्षीचं मागायचं. पोचा पडलेला फ्रिज दिसला तर आनंद मानायचा, पोचा भिंतीकडे करायचा आणि विसरून जायचं. वाढीव वॉरंटी गळ्यात मारायला लागले की घड्याळाकडे बघायचं. आणि काहीही झालं तरी पहिल्या आकड्याला हो म्हणायचं नाही.

"चालवून बघा," हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं. "नीट चालवून बघा. घाई नाही."

जुन्या वस्तूंच्या बाबतीत मात्र भावजींचं खरं कसब दिसायचं. तिथे ते स्वतः बरोबर जायचे. फारसा वापरलाच नाही म्हणणाऱ्याच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली आहेत का, हे ते बोलता बोलता बघून घेत. टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून तो आपण यायच्या आधी किती वेळ चालू होता, याचा अंदाज घेत. पण याच्याही आधी, खुर्चीवर टेकता टेकता, ते एक प्रश्न विचारत. "का विकताय?" एवढंच. आणि मग तोंड मिटून बसत.

सगळी गंमत त्या मिटलेल्या तोंडात होती. समोरच्याला ती शांतता सोसवत नसे. परगावी चाललेला माणूस पटकन खरं सांगून मोकळा होई. वस्तूत खोट असली की माणूस फार बोले. "नवीन घेतोय" असं कुणी म्हटलं की भावजी बरोबरच्याच्या कानात पुटपुटत, "घरात नवीन कुठे दिसतंय का बघ." आणि काही घरांत उत्तर यायचं की घरातलं माणूस गेलं. तिथे घासाघीस करावीच लागत नाही, भावजी सांगत. ते स्वतःहून खाली येतात, वस्तू डोळ्यांसमोरून जावी एवढंच त्यांना हवं असतं. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात वाईट काही नसायचं. आज हवेत गारवा आहे म्हणावं, तसं ते सांगत.

साऱ्या इमारतीत भाव खाणाऱ्या या माणसाला घरात मात्र बायको फारसा भाव देत नसे. ती टायपिंगची कामं घ्यायची. लोकांचे अर्ज, प्रबंध, करारनामे, कधी कुणाचं मृत्युपत्र. इमारतीतली पोरं तिला टायपिंगवाल्या काकू म्हणत. आधी टाइपरायटर होता. मग गिऱ्हाइकं म्हणू लागली की कॉम्प्युटरवर करून द्या, नाहीतर राहू द्या. काम सुटायला लागलं तरी भावजींना हवा तसा कॉम्प्युटर मिळेना. भाव अजून उतरतील म्हणून त्यांनी बायकोला थांबवलं, आणि ती थांबली. अखेर एका घरी चांगलं यंत्र मिळालं. भावजी ते घेऊन आले तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती.

"का विकत होते?" बायकोने विचारलं.

"एक बाई होत्या. त्यांचे मिस्टर गेले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? गप्प राहिलो. बाई आपणहून खाली आल्या."

बायकोने कॉम्प्युटरकडे पाहिलं. कीबोर्ड जाडजूड होता, जुन्या पद्धतीचा, आणि मधल्या काही अक्षरांचा रंग उडालेला होता. "ते काय करायचे यावर?"

"ते कशाला विचारू?"

"अहो, का म्हणून आपण विचारलं, तर समोरच्याने सांगितल्यावर पुढे काहीतरी बोलायचं असतं. तुम्ही विचारता आणि तोंडाला कुलूप घालता. त्या बाईंना काय वाटलं असेल?"

भावजींना हे कळलंच नाही. पुढे बोलायला लागलं तर भाव कसा उतरायचा? पण तसं ते म्हणाले नाहीत, कारण बायकोचा चेहरा बरा दिसत नव्हता. तिने त्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला नाही. दुसऱ्या दिवशी केला, आणि तिथून पुढे त्या घरात कीबोर्डचा आवाज कधी थांबलाच नाही.

पुढे खालचा डबा बदलला, स्क्रीन बदलला, प्रत्येक वेळी भावजींनी चांगला सौदा करून आणला. कीबोर्ड मात्र बायकोने तोच ठेवला. भावजी नवीन, बिनआवाजाचे कीबोर्ड आणायचे आणि ती ते मेहुणीच्या घरी पाठवून द्यायची. "याला आवाज आहे म्हणून कळतं की काम चाललंय," ती म्हणायची. टाइपरायटरवर शिकलेला हात, त्यामुळे बोटं जोरात पडायची. शब्दांमध्ये जागा सोडायची खालची लांब पट्टी एका बाजूने सैल झाली होती. प्रत्येक शब्दानंतर ती एकदा टक्क वाजे आणि मग पुढचा शब्द सुरू होई. निवृत्त झाल्यावर भावजी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसत आणि ते टक्क टक्क कानावर पडत राही. मध्येच ते ओरडत, "चहा ठेवू का गं?" आणि आतून, हात न थांबवता, उत्तर येई, "ठेवा." दिवसातून कितीदा तरी. यापेक्षा जास्त प्रेमाचं दोघांनी एकमेकांना काही म्हटल्याचं भावजींना आठवत नाही, आणि कधी गरजही पडली नव्हती.

मग एके दिवशी सकाळी ती छातीत दुखतं म्हणाली. भावजींनी रिक्षा बोलावली. जिना उतरताना तिने सांगितलं की कॉम्प्युटर चालूच राहिलाय, एका मुलीचा प्रबंध अर्धा उघडा आहे, आल्यावर बंद करीन. ती आली नाही. दवाखान्यातून मेहुणीने सगळ्यांना फोन केले. दारात येणाऱ्याजाणाऱ्यांना तिनेच सांगितलं, त्या प्रबंधवाल्या मुलीलाही तिनेच कळवलं आणि कॉम्प्युटर तिनेच बंद केला. भावजी खुर्चीवर बसून होते. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जात होते आणि ते मान हलवत होते.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ती गेली, हे वाक्य भावजींनी आपल्या तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं. आधी सांगायची वेळच आली नाही, आणि मग ते वेळ येऊच देईनात. दूधवाल्याने विचारलं, काकू दिसल्या नाहीत, तर ते "हं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. फोनवर कुणी काकूंना द्या म्हटलं की ते रिसीव्हर बाजूला ठेवून देत. सल्ले मागायला लोक येत राहिले. भावजी पूर्वीचीच वाक्यं सांगत, पण चष्मा पुसायचे नाहीत आणि बरोबर जायचे नाहीत. हळूहळू लोकही यायचे थांबले.

कॉम्प्युटरवर बायकोने शिवलेलं कापड घातलेलं होतं. भावजी जेवणाचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसत. चालू काही करत नसत. नुसते बसत आणि ताट अर्धं तसंच उचलून ठेवत. मेहुणी दर आठवड्याला यायची, तिच्या नजरेतून हे सुटलं नाही. ती बहिणीसारखीच, बोलायचं ते तोंडावर बोलणारी.

"भावजी, तो कॉम्प्युटर विका."

"बघू."

"बघू नाही. तुम्ही त्याच्यापुढे ताट घेऊन बसता आणि जेवत नाही. तुमचे कपडे बघा कसे लोंबतायत. ताईने पाहिलं असतं तर मला फाडून खाल्लं असतं." ती तेवढ्यावर थांबली नाही. "आणि तुम्हीच सांगता ना जगाला, वस्तू पडून राहिली की भाव उतरतो?"

"उतरू दे."

"भावजी."

त्या हाकेपुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं. तिचं म्हणणं खोटं नाही, हेही त्यांना कळत होतं. त्या कापडासमोर बसून आपण झिजत चाललोय आणि असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत, हे त्यांनी मनाशी कबूल केलं होतं. ते ठीक म्हणाले. मेहुणीने तिथेच बसून फोनवर जाहिरात टाकली. भीती त्यांना किमतीची नव्हती आणि वस्तू जाण्याचीही नव्हती. येणारा माणूस एक प्रश्न विचारेल आणि त्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल, या एका गोष्टीची होती.

आलं ते एक नवंजुनं जोडपं, म्हणजे लग्न नवं आणि कपडे जुने. नवरा कुरिअरच्या कामावर होता, अंगात अजून कंपनीचा शर्ट होता. बायको घरून टायपिंगची आणि हिशेबाची कामं घेणार होती, तिने तसं दारातच सांगून टाकलं. भावजींना मनातल्या मनात चुकचुकावंसं वाटलं. आपली गरज अशी दारातच सांगतात का? नवऱ्याने तिला कोपराने हळूच ढोसलं. म्हणजे हा कुणाकडून तरी शिकून आला होता.

दोघं बसली. नवऱ्याने घसा साफ केला.

"काका, का विकताय?"

आणि तोंड मिटून बसला.

भावजींनी त्याच्याकडे बघितलं. हात गुडघ्यांवर, मान किंचित कलती, नजर समोरच्याच्या तोंडावर. अगदी बरोबर बसला होता तो. कुणाच्या तरी ओळखीतून, कुणाच्या तरी तोंडून, फिरत फिरत त्यांचीच शांतता आज त्यांच्या घरात येऊन बसली होती. ती इतकी जड असते हे त्यांना माहीत नव्हतं. घड्याळाचा आवाज येत होता. वरच्या मजल्यावर कुणी तरी खुर्ची सरकवली. भावजींनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"नवीन घेतोय," ते म्हणाले.

नवरा बायकोच्या कानाशी झुकला. "घरात नवीन कुठे दिसतंय का बघ," तो पुटपुटला. भावजींना ते ऐकायची गरजच नव्हती. पोरीने खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, एक खुर्ची, खुंटीवर बाईमाणसाचा स्वेटर, भिंतीशी रचलेले कोरे कागद. तिची नजर स्वेटरवर थोडी थांबली आणि तिने मान खाली घातली.

"चालवून बघा," भावजी घाईने म्हणाले. त्यांनी स्वतःच कापड काढलं आणि बटण दाबलं. बायको गेल्यापासून त्यांनी त्याला पहिल्यांदाच हात लावला होता. पडदा उजळला तशी त्यांना तिथे उभं राहवेना. ते स्वयंपाकघरात गेले, उगीचच ओट्यावरून फडकं फिरवलं, पेपर उचलला आणि नेहमीच्या जागी दाराकडे पाठ करून बसले.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक अक्षर, मग दुसरं. मग पोरीचा हात बसला आणि टायपिंग सुरू झालं. बायकोसारखं नव्हतं ते. हलका हात होता, मध्ये मध्ये अडखळत होता. पण कीबोर्ड तोच होता, आणि प्रत्येक शब्दानंतर ती सैल पट्टी वाजत होती. टक्क. शब्द. टक्क. शब्द. टक्क.

भावजी पेपर वाचत होते. खरोखरच वाचत होते. कुठल्याशा पुलाचं काम रखडल्याची बातमी होती. त्यांनी पान उलटलं, खांद्यावरून मागे न बघता जरा मान वर केली आणि ओरडले, "चहा ठेवू का गं?"

"ठेवा," आतून उत्तर आलं. हात थांबला नव्हता.

भावजी उठले. त्यांनी पातेलं घेतलं, पाणी घातलं, गॅस पेटवला. दोन कप काढले. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि मग ते झाकण त्यांच्या हातात तसंच राहिलं.

पोरीची काय चूक? परक्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कुणीही असंच म्हणेल, ठेवा. ज्या एका बाईने त्यांना हे आयुष्यभर म्हटलं, तीही त्यांना अहोजाहोच करत होती. शब्द तोच होता. भावजी ओट्याला धरून उभे राहिले. पाण्याला उकळी फुटली, वाफ त्यांच्या चष्म्यावर जमली, तरी त्यांनी गॅस कमी केला नाही. ते रडत होते, आणि आत टायपिंग चाललं होतं.

बऱ्याच वेळाने ते चहा घेऊन बाहेर आले. कप चार झाले होते. दोन आधी काढलेले, दोन नंतर काढलेले, आणि एकही परत ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मी मघाशी खोटं बोललो," ते म्हणाले. "नवीन काही घेत नाही. माझी बायको गेली. हा तिचा आहे."

नवऱ्याने पाय जवळ ओढून घेतले. काय करायचं ते त्याला शिकवलेलं होतं. या उत्तरावर गप्प राहायचं, मग भाव आपोआप उतरतो. तो गप्प राहिलाही, पण कपाळावर घाम आला होता बिचाऱ्याच्या. पोरगी मात्र खुर्चीतच वळली.

"काय टाइप करायच्या त्या?" तिने विचारलं.

भावजींनी तिच्याकडे पाहिलं. याच खोलीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, पुढे काहीतरी बोलायचं असतं. तेव्हा ते त्यांना कळलं नव्हतं. आज कळलं, आणि त्या अनोळखी बाईंचं घरही डोळ्यांपुढे आलं, जिथे ते तोंडाला कुलूप घालून बसले होते. त्या बाईंचा चेहरा त्यांना आता काही केल्या आठवेना.

"सगळं," ते म्हणाले. "लोकांचे अर्ज. प्रबंध. एका म्हाताऱ्याचं मृत्युपत्र तर तिने फुकट करून दिलं, कारण त्याच्याकडे वाटायला काही नव्हतंच. तरी त्याला ते करायचं होतं." ते हसले. मग ते बोलत राहिले. चुकीचं लिहिलेलं ती मनानेच कशी सुधारायची, एका वकिलाशी स्वल्पविरामावरून तिचं कसं वाजलं होतं, टाइपरायटर विकताना ती कशी आतल्या खोलीत जाऊन बसली होती. बोलताना दोनदा, तीनदा ते गेली म्हणाले, आणि प्रत्येक वेळी तो शब्द थोडा कमी टोचला. चहा गार झाला. पोरीने तो गारच प्यायला.

शेवटी नवऱ्याने जाहिरातीतली किंमत जशीच्या तशी देऊ केली.

"असं नसतं हो करायचं," भावजी रागावून म्हणाले. "पहिल्या आकड्याला हो म्हणता? कुणी शिकवलं तुम्हाला? भाव करा!"

"तुम्हीच सांगा मग, काका."

भावजी आपणहून खाली आले, आणि तो आकडा ऐकून नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. वायरी, स्पीकर, पडद्यावरचं कापड, सगळं सोबत द्यायचं ठरलं. नवरा खोकं आणायला खाली गेला. पोरीने कीबोर्डवर हात ठेवला आणि विचारलं, "हा तुम्हाला ठेवायचाय का? मी दुसरा घेईन."

भावजींनी पुसलेल्या अक्षरांकडे पाहिलं. त्यातली काही त्यांच्या बायकोने पुसली होती आणि काही तिच्या आधी त्या माणसाने, ज्याच्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "याला आवाज आहे. काम चाललंय ते कळतं."

जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली, खोकं घेऊन तो वर येत होता. भावजींनी कप उचलले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि थांबले.

"झालं का तुमचं बघून?" त्यांनी विचारलं.

"हो, झालं. चांगला चालतोय."

"तरी अजून थोडं बघा," भावजी म्हणाले. "नीट चालवून बघा. घाई नाही."

पोरीने क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि ती पुन्हा टाइप करायला लागली. भावजी आत जाऊन दाराकडे पाठ करून बसले. दारात आलेल्या नवऱ्याला तिने हातानेच खोकं खाली ठेवायला सांगितलं, आणि ती बराच वेळ, काही ना काही, टाइप करत राहिली.